आर्मंडची आंघोळ

ओडेटची पिवळी दुलई मी सिंकमध्ये कोमट पाण्यात बुडवली आणि पाणी राखाडी झालं. मागच्या खेपेलाही असंच झालं होतं. तेव्हा मी मनात म्हटलं, रस्त्यावर मीठ टाकतात त्याचा चिखल लागला असेल, हिवाळा आहे. या वेळी मी ती घट्ट पिळली, पाणी ओतून दिलं, नवं घेतलं आणि पुन्हा बुडवली. पुन्हा राखाडी. ओडेट तिच्या उंच खुर्चीत बसून चमचा आपटत होती आणि दर वेळी माझ्याकडे बघून खालचे दोन दात दाखवत होती. ती दुलई तोंडात घेऊन झोपते. एक कोपरा चोखून चोखून कायम ओला असतो. मी तो कोपरा बोटांत चोळला. बोटं काळी झाली.

तो काळा रंग कुठला ते मला कुणी सांगायला नको होतं.

नदीकाठच्या कारखान्यात मी आणि माझे पापा एकाच खोलीत, एकाच टेबलाशी काम करतो, फक्त कधीच एका वेळी नाही. त्यांची पाळी दुपारी संपते तेव्हा माझी सुरू होते. मी ओडेटला गाडीतून घेऊन येते, ते फाटकातून बाहेर येतात आणि पार्किंगमध्ये बर्फाच्या ढिगाशेजारी मी तिला त्यांच्या हातात देते. तिची झोपायची दुलई पापांकडेच असते, सकाळी ते ती बरोबर कामावर आणतात आणि धुवायची झाली की मला देतात. संध्याकाळी कीथ, माझा नवरा, दुधाचा टँकर डेअरीत लावून तिला त्यांच्याकडून घरी नेतो. माझ्या पाळीतली बर्निस म्हणते की या कारखान्यात वेळेवर होणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्या पोरीचा पाळीबदल.

आम्ही भुकटी भरतो. कार्बनच्या नळ्यांची भुकटी, काजळीसारखी काळी. बॅटऱ्यांत जाते, विमानाच्या पंखांत जाते असं सांगतात. उशीएवढी पिशवी भरली तरी हाताला वजन लागत नाही. भरताना तोंडाला मुखवटा असतो, डोक्यावर हवा ओढणारं धुराडं असतं. काम संपलं की मुखवटा काढायचा आणि दारापाशी लटकलेली रबरी नळी उघडायची. दाबाची हवा येते. डोक्यापासून बुटांपर्यंत ती मारून घेतली की अंगावरचा कामाचा कोट झटकल्यासारखा लख्ख होतो. मग त्यावरच खुंटीवरचं जाकीट घालायचं आणि घरी जायचं.

त्या नळीला सगळे "आर्मंडची आंघोळ" म्हणतात. आर्मंड म्हणजे माझे पापा.

नाव गमतीनं पडलेलं नाही. मी लहान होते तेव्हा इथे रंग तयार व्हायचा. निळा. पापा घरी यायचे ते निळे होऊन. आमच्या चादरी निळ्या, माझे शाळेचे मोजे निळे, आईच्या हातांच्या भेगा निळ्या. एके दिवशी आईनं त्यांचं जेवणाचं ताट बाहेर व्हरांड्यात ठेवलं आणि आतून कडी लावली. वाटाण्याचं सूप थंडीत गोठायला लागलं. दुसऱ्या दिवशी पापा फोरमनशी भांडले, जुन्या यंत्राची नळी काढली आणि स्वतःच्या हातानं दारापाशी बसवली. त्यानंतर गावातल्या घरांतलं धुणं पांढरं निघायला लागलं. आईच्या अंत्यविधीला आलेल्या बायका तिच्याबद्दल दोन शब्द बोलल्या आणि त्यानंतर नळीबद्दल बोलल्या. पापा तिथे ताठ उभे होते.

म्हणून ती दुलई हातात धरून मी सिंकपाशी उभी राहिले तेव्हा मला आधी पटेना. पापांचा कोट स्वच्छ असतो. मी हात फिरवून पाहिलेलं आहे. मग हे आलं कुठून?

मग मला बर्फाचा गोळा आठवला.

त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या दोन्ही दिवसपाळ्यांना एकत्र कँटीनमध्ये बसवून वर्ग घेतला होता. एका मोठ्या गिऱ्हाइकाची अट होती म्हणे, की माल हाताळणाऱ्या माणसांना या धंद्याच्या प्राथमिक संज्ञा माहीत हव्यात. कॉलेजातून व्हॅन एटन नावाची शिक्षिका आली होती, नाक सर्दीनं लाल झालेली. आमचा मॅनेजर ड्वाइट प्रुइट मागे भिंतीला टेकून कॉफी पीत उभा होता. टेबलावर साखर भुरभुरलेल्या डोनटचे खोके होते, त्यामुळे सगळे वेळेवर आले होते.

ती म्हणाली, नॅनोमीटर म्हणजे मीटरचे अब्ज तुकडे केले तर त्यातला एक. कुणाच्याच चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तेव्हा ती म्हणाली, असं समजा, तुमचं नख एका सेकंदात साधारण तेवढं वाढतं. सगळ्यांनी आपापली नखं पाहिली. मी ओडेटची नखं आठवली. सकाळी ती झोपलेली असताना मी ती दातांनी कुरतडून काढली होती, कात्री लावायची भीती वाटते म्हणून. मला वाटलं, तिथे ती झोपली आहे आणि सेकंदा-सेकंदाला एकेक नॅनोमीटर वाढते आहे. त्या दिवशी तो शब्द मला आवडला होता.

पुढे तिनं सांगितलं की एखाद्या वस्तूची एक जरी बाजू एक ते शंभर नॅनोमीटरमध्ये बसली तरी ती नॅनोच्या जगातली धरतात. तुमची कार्बनची नळी लांब असली म्हणून काय झालं, जाडी बघा.

"म्हणजे माझा नवरा," बर्निस म्हणाली. "आकार दांडगा, पण एका दिशेनं मोजायला गेलं की हाती काही लागत नाही."

हसताना तिच्या डोनटची साखर पापांच्या शर्टावर उडाली. पापांनी ती झटकली आणि हात वर केला. पुढच्या रांगेत बसले होते ते.

"बाई, आम्ही जे भरतो ते डोळ्यांना दिसतं," ते म्हणाले. "नॅनो दिसत नाही असं तुम्हीच म्हणता. ड्वाइटनं आम्हाला सांगितलंय, पिशवीत पडेपर्यंत त्याच्या गुठळ्या झालेल्या असतात. नॅनो काय असेल ते आत भट्टीतच राहतं."

मागून प्रुइटनं मान डोलावली.

व्हॅन एटन दार उघडून बाहेर गेली. आम्हाला वाटलं रागावली. ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात नुकत्या पडलेल्या बर्फाचा वळलेला गोळा होता आणि दुसऱ्या हातात पन्हळीखाली गोठून दगड झालेला तुकडा. तिनं दोन्ही टेबलावर आपटले. गोळा फुटला आणि त्याचा भुगा डोनटच्या खोक्यावर पसरला. तुकडा तसाच राहिला, टेबलाला मात्र खड्डा पडला.

ती म्हणाली की कण दोन तऱ्हांनी एकत्र येतात. एकमेकांत वितळून पक्के जुळले तर त्याला अॅग्रीगेट म्हणतात, तो हा दगड. नुसते एकमेकांना बिलगून बसले असतील तर अॅग्लोमरेट, तो हा गोळा. तुमच्या गुठळ्या बऱ्याचशा गोळ्याच्या जातीच्या आहेत. "आणि गोळा वळला म्हणून तो बर्फ राहत नाही का?" तिनं पापांना विचारलं. "जोर लागला की सुटतो. सुटलेलं श्वासातून खोल आत जातं. उंदरांच्या फुफ्फुसांत त्यानं काय होतं ते पाहिलंय. माणसांचं अजून नीट कळलेलं नाही. आता मी हाताळायचं कसं, त्याकडे वळते."

त्याकडे ती वळलीच नाही. प्रुइटनं घड्याळ पाहिलं, पाळीची वेळ झाली म्हणून टाळ्या वाजवल्या, तिचे आभार मानले. उरलेला भाग पुन्हा कधीतरी होईल म्हणाला. तो झाला नाही. कँटीनमधून बाहेर पडताना पापा मला म्हणाले, "बर्फ कसा असतो ते आम्हाला कॉलेजातून येऊन सांगतात."

जोर लागला की सुटतो. ओली दुलई हातात घेऊन मी ते पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते. आमच्याकडे जोर कुठे लागतो? दिवसातून किती तरी वेळा, प्रत्येकाच्या पाळीच्या शेवटी, दारापाशी. धुराड्यापासून लांब. आणि मुखवटा काढून.

त्या दुपारी पापा फाटकातून आले, नेहमीसारखे हात पुढे करून. ओडेटनं त्यांच्याकडे झेप घेतली. मी तिला सोडलं नाही.

मी विचारलं, "तिची दुलई तुम्ही कारखान्यात कुठे ठेवता?"

"माझ्या खुंटीवर. खाली रेडिएटर आहे, निघेपर्यंत मस्त गरम होते. का?"

त्यांची खुंटी दाराजवळची पहिली. नळीच्या हातभर अंतरावर. सगळ्यांत जुना माणूस म्हणून त्यांना ती जागा मिळालेली.

माझ्या तोंडून जे निघालं ते जसंच्या तसं लिहायची माझी इच्छा नाही. मी त्यांना म्हणाले की रोज सगळी पाळी त्या दुलईवर काजळी उडवते आणि मग तुम्ही ती माझ्या मुलीच्या तोंडाशी देता. ते आधी हसले, मग त्यांना कळलं की मी थट्टा करत नाही. म्हणाले, मी रोज आंघोळ करून येतो, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून. मी म्हणाले, ती आंघोळ नाही, तो तुमचा अडाणीपणा आहे. पार्किंगमधली माणसं थांबून बघायला लागली. ओडेट एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती.

"मी माझ्या नातीला विष घालतो, असं म्हणायचंय तुला?" पापांनी हळू आवाजात विचारलं.

"हो," मी म्हणाले. "त्या कोटात तिला हात लावायचा नाही."

त्यांनी हात खाली घेतले. मी ओडेटला गाडीत बसवलं आणि पाळी सोडून घरी आले. वाटेत तिला बेल्टमध्ये झोप लागली. सिग्नलला मी मागे वळून तिचा श्वास ऐकत राहिले, मागच्या गाडीनं भोंगा वाजवेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी कीथनं रजा घेतली आणि मी पाळीच्या आधीच प्रुइटच्या केबिनमध्ये गेले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले होते. मी दोनच गोष्टी मागितल्या: हवेच्या नळीऐवजी बारीक गाळणीचा व्हॅक्यूम, आणि कोट इथेच धुवायची सोय. तो फार गोड बोलला. बाळ कसं आहे विचारलं, स्वतःच्या मुलांचा फोटो दाखवला. मग म्हणाला की भुकटीच्या गुठळ्या असतात, हवेतलं प्रमाण आम्ही मोजून घेतलेलं आहे. मी विचारलं, कुठे मोजलं? तो म्हणाला, भरायच्या टेबलापाशी. मी विचारलं, धुराड्याखाली? नळीपाशी का नाही? तो म्हणाला, नळी म्हणजे काही उत्पादनाची प्रक्रिया नव्हे.

"आणि खरं सांगू का नोएला," तो म्हणाला, "ती नळी तुझ्या वडिलांची. त्यांना ती काढलेली आवडेल का? आधी त्यांना विचार. ते हो म्हणाले तर बघू."

तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वर्गात तो मागे उभा होता. गोळा फुटताना त्यानं पाहिला होता. शब्द त्याला माझ्याइतकेच कळले होते, त्यांचा अर्थही कळला होता, आणि कळल्यावर त्यानं घड्याळ पाहिलं होतं. आता तो माझ्या बापाचा अभिमान पुढे करून त्याच्या आड उभा राहत होता. माझा बाप निदान चुकत होता. हा चुकत नव्हता.

मी गाडीतून टॉर्च आणला. कीथ टँकरचे नळ तपासायला वापरतो तो, लांब झोताचा.

पापांच्या पाळीची माणसं टेबलं पुसत होती. मी आत गेले, मुखवटा चढवला आणि माझ्याबरोबर आलेल्या बर्निसला दिव्याच्या बटणापाशी उभं केलं. पापा माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांना म्हणाले, नेहमीसारखी आंघोळ करा, फक्त मुखवटा काढू नका. आणि बाकीच्यांनीही काढू नका.

"आता तमाशा करणार आहेस का?" ते म्हणाले.

"एकदा बघा. मग मी काही बोलणार नाही."

"तू आणि काही बोलणार नाहीस," ते पुटपुटले. पण त्यांनी नळी घेतली.

बर्निसनं दिवे घालवले. मी जमिनीजवळ वाकून टॉर्चचा झोत आडवा धरला आणि पापांनी हवा सोडली.

त्यांच्या कोटावरून धूर निघाला. दुसरा शब्द नाही त्याला. काही ठिपके खाली पडले, पण बाकीचं वर चढलं, त्यांच्या छातीशी, चेहऱ्याशी, आणि तिथेच हळूहळू फिरत राहिलं. कुणीतरी शिवी हासडली. पापांनी हवा बंद केली आणि झोताकडे बघत उभे राहिले. आम्ही वाट पाहिली. ते खाली येईना. उलट दार फटीतून ओढत होतं तिकडे, खुंट्यांकडे, ते सगळं सरकायला लागलं. मी टॉर्च त्याच्या मागोमाग फिरवला. जाकिटं, टोप्या, जेवणाच्या पिशव्या. पहिली खुंटी रिकामी होती. तिथे दुलई असायची.

"हे बसत का नाही?" पापांनी विचारलं. मुखवट्यातून आवाज दबलेला येत होता. "निळा बसायचा. सकाळी आम्ही जमिनीवरून पुसून काढायचो."

"निळा जड होता, पापा. हा सुटलेला गोळा आहे. आणि हे आपल्याला दिसतंय ते मोठे तुकडे. त्याहून बारीक जे असेल ते या टॉर्चलाही दिसत नाही."

नळी त्यांनी खुंटीला अडकवली नाही, जमिनीवर टाकली. मग मुखवटा न काढता ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या कपाटाशी गेले आणि लाल कुलूप घेऊन आले.

आमच्याकडे प्रत्येकाचं एक लाल कुलूप असतं. त्यावर त्याचं नाव, त्याची एकच किल्ली, ती त्याच्याच खिशात. यंत्रात हात घालायचा असला की आधी त्याच्या बटणाला आपलं कुलूप लावायचं. ते कुलूप दुसऱ्या कुणीही उघडायचं नसतं, मॅनेजरनंसुद्धा नाही, कारण त्या कुलपाच्या पलीकडे कुणाचा तरी हात आहे असं धरायचं असतं. कामावर पहिल्या दिवशी हेच शिकवतात आणि इथे हे सगळे पाळतात. ज्यांना दुसरं काही पाळायची सवय नाही तेसुद्धा.

नळीत हवा सोडणाऱ्या भिंतीवरच्या झडपेला पापांनी कुलूप घातलं आणि दाबलं.

बातमी पोचायला वेळ लागला नाही. प्रुइट आला तेव्हा दोन्ही पाळ्या दारात उभ्या होत्या. तो आधी समजुतीनं बोलला, मग गिऱ्हाइकाचं नाव काढलं, मग नियमांचं. कुलूप फक्त दुरुस्तीसाठी असतं, तो म्हणाला. पापा म्हणाले, दुरुस्तीच चालू आहे.

"काय बिघडलंय त्यात?"

"ती हवा मारते," पापा म्हणाले.

कुणीतरी हसलं. प्रुइटनं आवाज खाली आणला. आपण दोघं जुने मित्र आहोत अशा सुरात म्हणाला, "आर्मंड, अरे नळी तुझीच ना? आम्ही तिला तुझं नाव ठेवलंय."

"नाव माझं आहे म्हणूनच कुलूप माझं आहे."

मग प्रुइटनं खरा नियम काढला. आपलं कुलूप लटकत ठेवून कुणी घरी जायचं नाही. पाळी संपली की काढायचं. ते खरं होतं, आणि पापांची पाळी संपली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवसापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. आणि मला त्याच नियमाचा पुढचा भाग आठवला, काम अर्धं असेल तर येणाऱ्या पाळीच्या माणसानं आधी आपलं कुलूप लावायचं आणि मगच जाणाऱ्यानं काढायचं, म्हणजे मधला एक क्षणही उघडा राहत नाही.

मी माझं कुलूप आणलं आणि त्यांच्या कुलपाशेजारी घातलं. खट्कन आवाज झाला. पापांनी किल्ली काढली, त्यांचं उघडलं आणि खिशात टाकलं. बर्निस तिचंही घेऊन आली. तिचा नवरा घरी म्हणतो की तुझ्या तोंडाला कुलूप हवं, ती म्हणाली, तेव्हा निदान एकदा वापरात येऊ दे.

प्रुइट निघून गेला. त्या आठवड्यात त्यानं पापांना दोनदा केबिनमध्ये बोलावलं आणि मला एकदा. काय काय होऊ शकतं ते सगळं सांगितलं. पण कुलूप तोडायला कुणाला पाठवलं नाही, आणि पाठवलं असतं तरी कुणी गेलं नसतं. रोज दुपारी मी माझं लावायचे आणि पापा त्यांचं काढायचे. रात्रपाळीच्या माणसांनीही तेच चालू ठेवलं. कोट आम्ही ओल्या फडक्यानं पुसायला लागलो आणि आतच एका झाकणाच्या पिंपात टाकायला लागलो. कोटांचं पिंप भरून वाहायला लागलं तेव्हा ते उचलून कुणीतरी प्रुइटच्या दारात नेऊन ठेवलं. कुणी, ते मला माहीत आहे. तिचा नवरा आकारानं दांडगा आहे.

शेवटी व्हॅक्यूम आला आणि कोट न्यायला धुलाईची गाडी यायला लागली. गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला आली तेव्हा प्रुइट त्या व्हॅक्यूमवर हात ठेवून त्यांना सांगत होता की आमच्या कंपनीत संज्ञा नुसत्या पाठ करत नाहीत, जगतात. मी पिशवी भरत होते. माझ्या तोंडावर मुखवटा होता म्हणून बरं.

डॉक्टरांनी ओडेटची छाती पुढून, मागून ऐकली. ती त्यांची नळी ओढून तोंडात घालायला बघत होती. छाती स्वच्छ आहे म्हणाले. मी विचारलं, पण आत काय गेलंय ते कळेल का? ते म्हणाले, त्याची तपासणी नाही, लक्ष ठेवा. कशावर लक्ष ठेवू ते त्यांना सांगता आलं नाही. तिच्या नखाएवढीसुद्धा जागा न लागणारं काहीतरी आत असेल किंवा नसेल, आणि मला आयुष्यभर तिच्या प्रत्येक खोकल्याला दचकावं लागेल. हे मी प्रुइटला कधीही माफ करणार नाही. पापांना केलं आहे का, ते मला विचारू नका.

दुलई मी जाळली नाही, पिशवीत घालून घट्ट बांधली आणि दिली टाकून. नवीही पिवळीच आणली. ती आता गाडीतच असते.

काल दुपारी मी ओडेटला घेऊन पार्किंगमध्ये उभी होते. वारा नदीवरून येत होता. पापा फाटकातून बाहेर आले, अंगात नुसता धुतलेला शर्ट, जाकीट हातावर. आत न्हाणीघरात डोकं धुऊन येतात आता, आणि फाटकापासून माझ्यापर्यंत येईतो त्यांचे ओले केस गोठून कडक होतात. ओडेटला ते केस फार आवडतात. मूठ भरून ओढते आणि ते कडकड वाजले की हसते.

ते माझ्यापुढे येऊन थांबले. जेवायच्या आधी आई मला दाखवायला लावायची तसे त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, आधी तळवे, मग उलटे. मी वाकून पाहिलं. तळवे स्वच्छ होते. अंगठ्याच्या नखाखाली एक काळी रेघ होती.

"पुन्हा," मी म्हणाले.

"नोएला, थंडी बघ."

"पुन्हा."

ते वळले आणि परत फाटकातून आत गेले. ओडेटनं त्यांच्या पाठीकडे दोन्ही हात पसरले आणि रडायला सुरुवात केली. मी तिला जाकिटाच्या आत घेतलं, चेन वर ओढली आणि तिथेच उभी राहिले. ते नखं घासून बाहेर येईपर्यंत ती रडत होती.